कल्याणची गोदी आणि राष्ट्राची नवनिर्मिति

राष्ट्राचें बळ त्याच्या सैन्यांत असतें कीं त्याच्या कोठारांत, हा जुना वाद आतां बराचसा मागें पडला असून, त्याच्या जागीं एक तिसरेंच उत्तर सर्वत्र मान्य होऊं लागलें आहे. तें हें कीं, राष्ट्राचें बळ त्याच्या कल्पकतेंत असतें. जें राष्ट्र नवें यंत्र, नवें औषध, नवी कृति स्वतः निर्माण करूं शकतें तें समर्थ होतें. जें दुसऱ्यांच्या कृति विकत घेऊन वापरतें तें फार तर एक सुखी गिऱ्हाईक होतें. हें ओळखूनच भारत सरकारनें १९५८ सालीं विज्ञानविषयक धोरणाचा ठराव केला, १९८३ सालीं तंत्रविद्येसंबंधीं निवेदन काढलें, २००३ व २०१३ सालीं आणखी दोन धोरणें जाहीर केलीं, आणि २०२३ सालीं संशोधनासाठीं स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापणारा कायदा केला. विषय इतका महत्त्वाचा असूनही आपल्या सुशिक्षित कुटुंबांत त्याची चर्चा क्वचितच होते. ही दिल्लीची बाब आहे, तज्ज्ञांची बाब आहे, असें म्हणून आपण वर्तमानपत्राचें पान उलटतों.

जे थोडे लोक या विषयावर बोलतात त्यांचे दोन पक्ष आहेत. एका पक्षास वाटतें कीं, सर्व विद्या आपल्या पूर्वजांस अवगतच होत्या, आपण फक्त त्या विसरलों. दुसऱ्या पक्षास वाटतें कीं, यंत्रविद्या आपल्या रक्तांतच नाहीं. आपण उत्तम कारकून व उत्तम परीक्षार्थी निर्माण करावे, शोध इतरांनीं लावावेत. हे दोन्ही पक्ष इतिहासाकडे पाठ फिरवून बसलेले आहेत. म्हणून आम्हीं येथें एक लहानसा प्रयोग योजिला आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत उल्हास नदीच्या खाडीकांठानें जी चिंचोळी पट्टी पसरली आहे, तिच्यावर गेल्या साडेतीनशें वर्षांत तीन वेळां तत्कालीन राज्यकर्त्यांनीं नवी विद्या आणून उतरविली. ती कशी आली, कोणाच्या हातीं राहिली, आणि आणणारा निघून गेल्यावर तिचें काय झालें, हें पाहिलें म्हणजे राष्ट्रीय धोरणाचे गुण आणि त्याच्यापुढील अडचणी या दोहोंचीही ओळख पटेल असें आम्हांस वाटतें.

कल्याण म्हटलें कीं मराठी वाचकास सुभेदाराच्या सुनेची कथा आठवते. ती कथा कितपत ऐतिहासिक आहे हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. परंतु तिच्या तेजांत कल्याणची दुसरी, अधिक खात्रीची हकीकत झांकून गेली आहे एवढें मात्र खरें. १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण आणि भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलीं, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच कल्याण, भिवंडी व पनवेल येथील खाड्यांत लढाऊ गलबतें बांधलीं जाऊं लागलीं. त्या वेळचा समुद्र म्हणजे परवान्याचा समुद्र होता. पोर्तुगिजांच्या परवान्यावांचून व्यापारी जहाजानें प्रवास करूं नये असा त्यांचा दंडक होता. जंजिऱ्यास सिद्दी बसला होता. किनाऱ्यावर राज्य करून पाण्यावर परक्याचा हुकूम पाळणें म्हणजे घर आपलें आणि उंबरठा दुसऱ्याचा, असा प्रकार होता. महाराजांनीं हें ओळखलें. परंतु ओळखणें निराळें आणि जहाज बांधणें निराळें. कोंकणांतील कोळी, भंडारी, सुतार यांस होड्या व गलबतें बांधण्याची वंशपरंपरागत विद्या होती. पण तोफांचा मारा करणारें व सोसणारें लढाऊ जहाज ही गोष्ट वेगळी होती.

येथें जें धोरण स्वीकारलें गेलें तें आजच्या धोरणकर्त्यांनीं मुळांतून अभ्यासावें असें आहे. गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणलेल्या पोर्तुगीज कागदांवरून दिसतें कीं, या कामावर रुई लैतांव व्हियेगस नांवाच्या पोर्तुगिजाच्या हाताखालीं बरेच पोर्तुगीज कारागीर ठेवलेले होते. जो उद्यां प्रतिस्पर्धी होणार त्याच्याच माणसांस पगार देऊन त्याची विद्या आपल्या गोदींत आणावयाची, हा तो विचार. वसईच्या पोर्तुगीज कप्तानास त्यांतील धोका दिसण्यास वेळ लागला नाहीं. त्यानें या कारागिरांस आंतून संधान बांधून फोडलें, आणि व्हियेगस व त्याचे लोक काम अर्धवट टाकून गुपचूप वसईस निघून गेले. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, परदेशी भागीदारानें ऐन वेळीं करार मोडून आपले तज्ज्ञ परत नेले.

अशा प्रसंगीं काय व्हावें? उसन्या विद्येवर उभें असलेलें काम बंद पडावें. पण तें बंद पडलें नाहीं. १६६४ च्या नोव्हेंबरांत मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घालण्यांत आला. १६६५ च्या फेब्रुवारींत महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर चालून गेले, तेव्हां त्यांच्याबरोबर पंचाऐंशीं लढाऊ गलबतें व तीन मोठीं जहाजें होतीं असें इंग्रज वखारवाल्यांनीं लिहून ठेविलें आहे. व्हियेगस पळाल्यावर सहा वर्षांच्या आंत हा पल्ला गांठला गेला, यावरून आमचें अनुमान असें कीं, त्या थोड्याशा काळांत परक्याच्या हाताखालीं राबणाऱ्या आमच्या सुतारांनीं व लोहारांनीं केवळ मजुरी केली नाहीं. त्यांनीं पाहिलें, मापें घेतलीं आणि आपल्या जुन्या विद्येशीं त्यांची सांगड घातली. गुरु गेला, पण विद्या खालच्या हातांत उतरली होती.

आणि ती उतरतांना बदललीही. पोर्तुगीज किंवा इंग्रज जहाजांची हुबेहूब नक्कल मराठ्यांनीं केली नाहीं. त्यांच्या गुराबा व गलबतें उथळ बुडाचीं, वल्ह्यांवर चालणारीं, खाडीच्या तोंडांतून आंतबाहेर सहज होणारीं अशीं असत. १६७९ सालीं खांदेरी बेटावर तटबंदी चालू असतां इंग्रजांनीं समुद्राची कोंडी केली. तेव्हां वारा पडला कीं इंग्रजांचीं शिडाचीं जहाजें जागच्या जागीं राहात आणि मराठ्यांच्या होड्या वल्हीं मारीत त्यांच्या डोळ्यांदेखत बेटावर रसद पोंचवीत. त्या वर्षींच्या १८ ऑक्टोबरच्या लढाईंत ‘डव्ह’ नांवाचें इंग्रजी गलबतही मराठ्यांच्या हातीं लागलें. परकी विद्या घेऊन आपल्या किनाऱ्यास, आपल्या वाऱ्यास व आपल्या गरजेस अनुरूप असें कांहीं नवें करणें, नवनिर्मिति ती हीच. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत जहाजांस लागणारें लांकूड कोठून व कोणत्या रीतीनें आणावें, रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, मालकास राजी करून व मोल देऊनच जीर्ण झाड घ्यावें, इथपर्यंत विचार केलेला आढळतो. धोरण हा शब्द न उच्चारतां केलेलें तें धोरण होतें.

परंतु इतिहासाचा अभ्यास म्हणजे आरती नव्हे. या धोरणाच्या दोन उणीवा स्पष्ट आहेत. पहिली उणीव तोफांची. मोठ्या व चांगल्या तोफांसाठीं मराठ्यांस इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज यांच्याकडे सतत पाहावें लागे. जहाज आपलें आणि जहाजाचा दांत परक्याचा, ही स्थिति कधीं पालटली नाहीं. जहाज ही सुताराची विद्या होती, ती पाहून शिकतां आली. तोफ ही धातूची व गणिताची विद्या होती, तिला शाळा हवी होती, आणि ती शाळा निघाली नाहीं. दुसरी उणीव सातत्याची. जें आरमार कान्होजी आंग्र्यांनीं वाढविलें त्याचाच विजयदुर्ग येथील भाग १७५६ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेऊन चाललेल्या मोहिमेंत जळून खाक झाला. घरच्या भांडणापायीं एका पिढीनें दुसऱ्या पिढीचें भांडवल जाळलें. पुढें महादजी शिंद्यांनीं द बॉयनच्या हाताखालीं कवायती पलटणी उभारल्या, त्या वेळीं तरी कल्याणचा धडा आठवावयास हवा होता. पण त्या पलटणींत शिपाई आपले आणि वरचे अंमलदार युरोपियन, अशी रचना कायम राहिली. १८०३ सालीं युद्ध सुरू होतांच इंग्रजांच्या जाहीरनाम्यास भुलून त्यांतील कित्येक अंमलदार निघून गेले व सेनापति पेराँ शत्रूच्या आश्रयास गेला. १६५९ सालीं वसईच्या कप्तानानें जो डाव टाकला तोच डाव हा. फरक इतकाच कीं, पहिल्या वेळीं विद्या खाली झिरपली होती, दुसऱ्या वेळीं ती वरच अडकून राहिली होती.

दुसरा प्रसंग आगगाडीचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास चौदा डब्यांची गाडी तीन एंजिनांनीं ओढून आणली, आणि १ मे १८५४ रोजीं लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोंचला. या घटनेचे उत्सव आपण पुष्कळ केले. पण विद्येच्या दृष्टीनें तिचा हिशेब काय? रेल्वे कंपनीला तिच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारी तिजोरींतून दिलेली होती. नफा होवो न होवो, विलायतेंतील भागीदारास त्याचें व्याज मिळे. ज्याला तोट्याची भीति नाहीं त्याला स्वस्त व नवा मार्ग शोधण्याची निकड ती कोठून असणार? एंजिनें विलायतेहून येत, मोठे इंजिनियर विलायतेहून येत. आमच्या लोकांस कोळसा टाकणें, रूळ बसविणें, आणि फार झालें तर दुरुस्ती करणें, एवढ्या पायऱ्या मोकळ्या होत्या. पहिली गाडी धांवल्यावर बेचाळीस वर्षांनीं, १८९५ सालीं, अजमेरच्या कारखान्यांत या देशांतील पहिलें एंजिन बांधलें गेलें. आणि एंजिनांचा राष्ट्रीय कारखाना चित्तरंजन येथें निघावयास १९५० साल उजाडावें लागलें.

आमच्यांत बुद्धि नव्हती म्हणून असें झालें काय? मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं सागवानी लांकडाचें जें ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्रजी आरमारासाठीं बांधलें, तें दोनशें वर्षांनंतर आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. त्याच घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी यांस १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें आपलें सभासद करून घेतलें. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. म्हणजे बुद्धि होती, हात होते, गुणांची पारख झाल्याचें प्रमाणपत्रही होतें. नव्हती ती एकच गोष्ट: या बुद्धीस आपली मानणारें राज्य. ठाकुर्लीजवळ चोळें येथें रेल्वेनें १९२९ च्या सुमारास स्वतःचें विजेचें केंद्र उभारलें, आणि कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाचें सारें जीवन पुढें विजेच्या गाडीवर चालूं लागलें. पण गाडींतून जाणें आणि गाडी घडविणें यांतील अंतर तेवढ्यानें तुटलें नाहीं.

तिसरा प्रसंग आपल्या स्वराज्यांतला. महाराष्ट्र राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यास वागळे इस्टेट या नांवानें उभी राहिली. पाठोपाठ अंबरनाथ, डोंबिवली येथें वसाहती झाल्या. जमीन, रस्ता, पाणी आणि वीज सरकारनें द्यावी आणि लहान भांडवलाच्या माणसानें कारखाना काढावा, अशी ती योजना होती. तिच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडल्या. मुंबई विद्यापीठाचा १९३३ सालचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग आणि पुण्याची १९५० सालची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्यामुळें रसायनशास्त्र जाणणारे तरुण याच प्रांतांत तयार होऊं लागले. आणि १९७० सालच्या पेटंट कायद्यानें औषधांच्या व रसायनांच्या बाबतींत पदार्थावरचा मक्ता काढून टाकून तो केवळ कृतीपुरता ठेविला. औषध तेंच, पण बनविण्याची रीत निराळी शोधून काढलीत तर तुम्हांस कोणी अडविणार नाहीं, असा त्याचा भावार्थ. कल्याणच्या गोदींतील सुतारास जी मोकळीक परिस्थितीनें दिली होती, तीच रसायनशास्त्रज्ञास कायद्यानें दिली. तिचें फळ जगानें पाहिलें. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें एड्सच्या रोग्यास लागणारीं तिन्ही औषधें दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चांत देऊं केलीं, तेव्हां तीं औषधें गरीब देशांच्या आवांक्याबाहेर आहेत हें म्हणणें कायमचें खोटें ठरलें.

एक धोरण, एक शाळा आणि एक मोकळें मैदान हीं तिन्हीं एकत्र आलीं म्हणजे काय होतें याचा हा पुरावा आहे. उलट तीं एकत्र आलीं नाहींत म्हणजे काय होतें याचाही पुरावा याच पट्टींत आहे. १९९० नंतरच्या दशकांत प्रीमियर आणि फ्रान्सची पेजो या कंपन्यांनीं भागीदारी करून कल्याणजवळ मोटारी काढावयास आरंभ केला. थोड्याच वर्षांत कामगारांचे तंटे झाले, भागीदारी मोडली, फ्रेंच कंपनी निघून गेली. व्हियेगस पुन्हां एकदां वसईस गेला. पण या वेळीं त्याच्या मागें आरमार उभें राहिलें नाहीं. बाहेरची मोटार येथें जोडली जात होती. ती मोटार कां तशी आहे, हें जाणण्याचें काम येथें कोणावर सोंपविलेलेंच नव्हतें.

आतां आजची स्थिति पाहूं. धोरणाच्या जमेच्या बाजूस पुष्कळ कांहीं आहे, आणि तें मनमोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. नवनिर्मितीच्या जागतिक क्रमवारींत २०१५ सालीं एक्याऐंशीवा असलेला आपला देश २०२५ सालीं अडतिसावा झाला. २०२३-२४ या एका वर्षांत येथील पेटंट कचेरीनें एक लाखाहून अधिक पेटंटें दिलीं. नव्या संशोधन-प्रतिष्ठानासाठीं पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये योजिले आहेत, आणि २०२५ च्या जुलैंत मंत्रिमंडळानें खाजगी संशोधनास साह्य करण्यासाठीं १ लाख कोटींची योजना मंजूर केली. पण खर्चाच्या बाजूकडे नजर टाकली कीं उत्साह थोडा ओसरतो. २०२०-२१ सालीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नांतून संशोधनावर झालेला एकंदर खर्च शेंकडा ०.६४ होता, त्याच सुमारास चीनमध्यें तो शेंकडा २.४ च्या आसपास आणि दक्षिण कोरियांत ४.८ च्या आसपास होता. त्याहून बोंचणारी गोष्ट ही कीं, त्या देशांत या खर्चाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वांटा उद्योगधंदे उचलतात. आपल्याकडे तो वांटा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक आहे. म्हणजे आमचा धनिक व्यापारी अजूनही शेंकडा पांचाच्या हमीची वाट पाहात बसला आहे.

कोणी म्हणेल, उसनी विद्या घेण्यांत कमीपणा कसला? जपाननेंही तेंच केलें. आमचें उत्तर असें कीं, उसनें घेण्यांत मुळींच कमीपणा नाहीं. कल्याणच्या गोदीची सारी कीर्ति उसनें घेण्यावरच उभी आहे. जपाननें १८७१ सालीं आपले मंत्री जगभर पाहणीस पाठविले, परदेशी शिक्षक मोठ्या पगारावर आणले. पण प्रत्येक शिक्षकाच्या शेजारीं एक जपानी विद्यार्थी बसविला, आणि तो तयार होतांच शिक्षकास आदरपूर्वक निरोप दिला. प्रश्न उसनवारीचा नसून ती फेडण्याच्या तयारीचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा हिशेब प्रामाणिक होणार नाहीं. डोंबिवलीच्या ज्या वसाहतीचा आम्हीं गौरव केला, तेथेंच मे २०१६ मध्यें व पुन्हां मे २०२४ मध्यें रसायनांच्या कारखान्यांत भयंकर स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, आणि दूरवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. नाल्यांचें पाणी रंगीत वाहातें हें तर तेथील रहिवाशांस नवें राहिलेलें नाहीं. कारखान्यांच्या कुंपणापर्यंत घरें जाऊन भिडलीं, आणि दोहोंच्या मध्यें जी मोकळी जागा असावयास पाहिजे होती ती कागदावरच राहिली. कांहीं विद्वान म्हणतात कीं, प्रगतीला एवढी किंमत द्यावीच लागते. आम्हांस हें मान्य नाहीं. सुरक्षितपणें रसायन बनविणें हीसुद्धां एक विद्याच आहे. किंबहुना तीच अधिक कठीण विद्या आहे. जो देश कृति शोधतो पण तिची राखण शोधीत नाहीं, त्याची नवनिर्मिति अर्धीच आहे. आणि जेव्हां अशा स्फोटांनंतर कारखाने येथून हलवावेत एवढाच उपाय सुचतो, तेव्हां धोका नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुसऱ्या गांवच्या वेशींत जातो. ज्या अमात्यांनीं जहाजाच्या लांकडासाठीं रयतेच्या आंब्याची काळजी वाहिली, त्यांस ही सोडवणूक पसंत पडली नसती.

या साऱ्या विवेचनांतून कोणत्याही राष्ट्रीय धोरणास लावतां येतील अशा तीन कसोट्या निघतात. पहिली: शिकविणारा निघून गेला तर विद्या येथें राहील काय? दुसरी: एका पिढीनें जें उभारलें तें पुढची पिढी सांभाळील, कीं आपल्या भांडणांत जाळील? तिसरी: या विद्येचा बोजा ज्याच्या खांद्यावर पडतो त्यास विचारलें जातें काय? १६५९ ची गोदी पहिल्या कसोटीस उतरली, दुसरीस तिचे वारस उतरले नाहींत. १८५३ ची आगगाडी पहिल्याच कसोटीस नापास झाली. स्वराज्यांतील कारखाने पहिलीस बव्हंशीं उतरले, दुसरीस संशयानें आणि तिसरीस मुळींच नाहीं.

यांतील सरकारचें काम सरकार करील वा न करील. पण एक काम आपल्या घरांतलें आहे, आणि त्याविषयीं महाविद्यालयांत आयुष्य घालविलेल्या माणसानें स्पष्ट बोलणें हें त्याचें कर्तव्य आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील हुशार मुलें आम्हीं वर्षानुवर्षें पाहात आलों आहों. त्यांस गणित येतें, सूत्रें पाठ असतात, परीक्षेंत तीं कोणास हार जात नाहींत. पण पंखा बिघडला तर तो उघडून पाहावा अशी इच्छा त्यांतील फार थोड्यांस होते. आणि ज्यास होते त्यास वडील माणसें ‘अभ्यास सोडून हें काय?’ म्हणून उठवितात. आपण हातांना विद्येपासून वेगळें काढलें आहे. जहाज बांधणाऱ्या सुतारास शास्त्र शिकवावें असें आपणांस कधीं वाटलें नाहीं, आणि शास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या हातीं किंकरें द्यावें असें अजूनही वाटत नाहीं. तोफांची शाळा निघाली नाहीं ती याच कारणानें. ती आज काढतां येईल, आणि तिला मंत्रिमंडळाच्या मंजुरीची वाट पाहाण्याचें कारण नाहीं. घरांतला बिघडलेला पंखा मुलाच्या स्वाधीन करण्याइतकें धैर्य मात्र पालकांनीं दाखविलें पाहिजे.